उजवी पडली तर आक्का

मी गुरवाचा मुलगा. कोकणात आमच्या गावच्या देवळात देवाला कौल लावायचं काम आमच्या घराकडे होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माणसाला एखादी गोष्ट ठरवता येईनाशी झाली की तो देवळात येतो. गुरव देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या बाजूला पाण्याच्या ओलीवर फुलाची एकेक पाकळी चिकटवतो आणि प्रश्न मांडतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. गुरवाचा हात लावण्यापुरता, पुढचं देवाचं. निदान तसं समजतात, आणि माझे वडील तसंच वागत. कौल लावण्याआधी सगळ्यांच्या देखत ते पाषाण राखेनं घासत, धूत, कोरड्या फडक्यानं पुसत. तेलाचा बोटभर डाग राहिला तर तिथली पाकळी आधी सुटते, हे त्यांनीच मला शिकवलं. शिकवलं ते टाळण्यासाठी.

मी ते वापरलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर मागे सरायला मला जागा राहणार नाही.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा मी लालबागला चाळीत राहत होतो आणि गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होतो. आमच्याच मजल्यावर बुवा राहत. बुवा म्हटलं की भगवी कफनी डोळ्यांपुढे येते, तसं काही नव्हतं. खाकी अर्धी चड्डी, बंडी आणि छातीत कायमचा बसलेला कापसाचा खोकला. पाळी सुटली की खोलीत भजन. जिना उतरून खालच्या नळापर्यंत माणसं बसत. कुणी त्यांच्याकडे नाम मागायला, म्हणजे त्यांचा शिष्य व्हायला आलं की ते तिथल्या तिथे, गॅलरीत उभ्या उभ्या, मोठ्यानं नाम सांगत. एकदा एक जण म्हणाला, "बुवा, गुरू कानात सांगतात म्हणे." बुवा म्हणाले, "कानात कशाला? चोरीचा माल आहे काय?"

कौलाबद्दलही त्यांचं मत आम्हा कोकण्यांना झोंबायचं. गावाहून आलेल्या एकानं गिरणीत बदली कामगाराची नोकरी घ्यावी की नाही यावर कौल लावायची गोष्ट काढली, तेव्हा बुवा हसत म्हणाले, "देवाला विचारलं की तुम्ही मोकळे. उद्या चुकलं तर नाव त्याचं." मी तिथेच बसलो होतो. मला राग आला होता, तोही सांगून ठेवतो.

बुवांचा खोकला वाढला तसं भजनातलं पुढचं म्हणणं आक्काकडे आलं. आक्का मालवणकडची, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला. उंच, काळी, हातात झांजा आल्या की डोळे मिटून घेणारी. यंत्रांच्या आवाजावरून ओरडायची सवय असल्यामुळे तिचा आवाज गॅलरीतून थेट रस्त्यावर जायचा. शेवटच्या दिवसांत नाम मागायला आलेल्या माणसाला बुवा हातानं तिच्याकडे जा अशी खूण करत. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. तिलाच पुढं न्यायचं होतं, याविषयी कुणाला शंका असायचं कारण नव्हतं.

बुवा गेले आणि तेराव्याच्या जेवणातच शंका निघाल्या.

बुवांच्या भक्तांत गिरगावचे एक वकील होते. बायकोच्या आजारपणात ते प्रथम आले आणि मग येत राहिले. गिरणगावातल्या चाळीत, गोणपाटावर मांडी घालून बसणारा तो एकटाच कोटवाला माणूस. त्यांना मी ढोंगी म्हणणार नाही. बुवा गेले तेव्हा ते सख्ख्या मुलासारखे रडले. पण रडून झाल्यावर त्यांनी मंडळ काढलं, परळला एक जागा मिळवली, बुवांच्या तसबिरीशेजारी ठेवायला एक काळ्या पाषाणाची छोटी विठ्ठलमूर्ती आणली आणि प्रश्न टाकला: यापुढे नाम कुणी द्यायचं?

"कुणी म्हणजे?" साचाखात्यातला एक म्हातारा म्हणाला. "आक्का देते ना."

"आज आक्का देतात," वकीलसाहेब म्हणाले. "उद्या आणखी कुणी देईल, परवा आणखी कुणी. दहा तोंडांनी दहा नामं होतील. बुवांचं काही उरायला हवं असेल तर एकच गादी हवी, आणि गादीमागं एक समिती."

"गादी?" आक्का म्हणाली. "बुवा गोणपाटार बसत."

लोक हसले. वकीलसाहेबही हसले. पण हसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांची दुसरी अडचण ते उघड बोलत नव्हते. आक्का रोज पहाटे भजनाची फेरी काढायची, आणि आता भजन संपलं की त्याच झांजांवर "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" चालू व्हायचं. फाउंटनला गोळीबार झाल्यावर तर फेरीत इतकी माणसं यायला लागली की पोलीस कोपऱ्यावर उभे राहायचे. वकीलसाहेबांचं उठणंबसणं सरकारवाल्या पक्षात होतं, आणि परळची जागा देणारा माणूसही त्याच गोटातला. भजनात राजकारण नको, असं ते म्हणायचे. आक्का म्हणायची, "माझी मुंबय माझी म्हणूक राजकारण कसला?"

शेवटी कुणीतरी म्हणालं, हात वर करून ठरवू. हात वर झाले असते तर आक्काच झाली असती. समोरच्या माणसांकडे पाहून ते कळत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "देवाच्या कामात मतदान खयचा? कौल लाव्या! गुरवाचो झील हा मां आपल्यात!"

सगळी डोकी माझ्याकडे वळली.

आता मी ते का केलं ते सांगतो. कुणी मला काही दिलं नाही, दिलं असतं तर बरं झालं असतं. दोष देता आला असता. वकीलसाहेब एवढंच म्हणाले, "तुमच्यावर मोठी जबाबदारी आहे. तुम्ही जाणते आहात." गिरणीत मला कुणी जाणता म्हटलं नव्हतं. गावात माझ्या वडिलांनी तोंड उघडल्याशिवाय पालखी उठायची नाही, आणि मी मुंबईत चार साचे सांभाळणारा, जॉबर मुकादमाच्या शिव्या खाणारा माणूस. कौल लावायचा म्हटल्याबरोबर मी पुन्हा कुणीतरी झालो. आणि मला स्वच्छ दिसलं, की गादी आक्काची झाली तर कौल हा पहिला आणि शेवटचा. ती बुवांचीच माणूस, तिला देवाला विचारायची गरज नव्हती. समिती आली तर तिला पदोपदी विचारावं लागणार, आणि विचारणारा हात माझा असणार. एवढंच कारण. चळवळीशी त्याचा काही संबंध नव्हता. मोर्चात मी स्वतः घसा फुटेस्तोवर ओरडत होतो. दिल्लीनं आम्हाला न विचारता आमचं ठरवलं म्हणून रस्त्यावर उतरलेली आम्ही माणसं, आणि आमच्याच खोलीत हात वर होऊ नयेत म्हणून दगडाकडे धावलो.

गुरवाचा मुलगा म्हणून मूर्तीची पूजा माझ्याकडेच होती. कौलाच्या दिवशी सकाळी मी तिला आंघोळ घातली, तेल लावलं, राखेनं घासलं, पुसलं. डावीकडचा खांदा तेवढा घासला नाही.

लोक जमले. मी शेवंतीच्या दोन पाकळ्या ओल्या करून मूर्तीच्या दोन खांद्यांवर लावल्या आणि गावाकडच्या रीतीनं मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं: बा देवा, तुझ्या लेकरांत दोन मतं झाली आहेत, नाम कुणी द्यायचं ते तूच सांग, उजवी पडली तर आक्का, डावी पडली तर समिती, काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे. प्रत्येक वाक्यामागे लोक "होय म्हाराजा" म्हणत होते. आक्काही म्हणत होती. तिचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

डावी पडली.

आक्का उठली, हातातल्या झांजा तिनं मूर्तीपुढे ठेवल्या आणि म्हणाली, "देवान सांगल्यान. झाला."

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर मी कदाचित त्याच दिवशी कोसळलो असतो. पण ती भांडली नाही. तिनं नाम देणं थांबवलं, आणि गाणंही थांबवलं. पहाटेची फेरी बंद पडली. नाम मागायला तिच्या दारात लोक यायचे, त्यांना ती परळचा पत्ता सांगायची. तिथे आता आठवड्यातून एकदा, समितीनं नेमलेल्या माणसाकडून, पडद्याआड, कानात नाम मिळू लागलं. शिष्यांना बिल्ले आले. बायकांची रांग वेगळी झाली. बुवांची तसबीर मोठी करून आणली, तिच्यात त्यांच्या अंगावर शाल रंगवली होती. आणि मी कौलकरी झालो. पोरीचं लग्न, गावचं घर, संपात उतरावं की नाही, सगळं माझ्या बोटांतून जायचं. गोळीबारात गेलेल्यांसाठी मंडळाच्या जागेत शोकसभा घ्यावी का, यावरही कौल लावला. तोही डावा पडला. त्या सकाळीही मी तो खांदा घासला नव्हता.

माणसं माझ्या पाया पडत होती. आक्का पडत नव्हती, पण गॅलरीत समोरासमोर आलो की ती बाजूला होऊन मला वाट द्यायची. ते जास्त लागायचं.

अशी चार वर्षं गेली. महाराष्ट्र होणार हे नक्की झालं होतं, लालबागमध्ये नाक्यानाक्यावर कमानी उभ्या राहत होत्या. एका दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. आक्का शेजारी येऊन उभी राहिली.

"रे, एक इचारू? रागवशीत नाय मां?"

"विचार की."

"देव माझ्यार कित्याक रुसलो? तुझो हात लागलो होतो त्या पाकळयेक. तुका कायतरी कळला असतला."

मी म्हटलं, "रुसला कशावरून?"

"मग नाय कित्याक म्हणालो?" ती म्हणाली. "मी लय इचार केलंय. माका वाटता, मी तिच्या घरचा जेवलंय म्हणान."

ती म्हणजे तिची खात्यातली मैत्रीण. वरळीच्या बीडीडी चाळीतली. दोघी वर्षानुवर्षं शेजारशेजारच्या यंत्रावर उभ्या राहिलेल्या. एकीला बरं नसलं की दुसरी दोघींचं काम उरकायची. सुटीच्या दिवशी आक्का तिच्याकडे जाऊन जेवायची, बुवांच्या देखत सांगायची, आणि बुवा म्हणायचे, "काय होतं जेवायला?" मैत्रिणीनं पुढे घरच्यांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आक्काचं जाणं त्याच सुमाराला थांबलं. सगळ्यांना वाटलं, दीक्षेमुळे थांबलं. मलाही तसंच वाटलं होतं.

"मी जायचा सोडलंय," आक्का सांगत होती. "खात्यात ती बाजूक उभी रवता, मी बोलणंय नाय. तिचो डबो इलो तर माझो डबो घेवन भायर जातंय. म्हटला, अजून तरी देवाचो राग निवात. पण गळ्यात काय येणा नाय रे. गावूक तोंड उघडतंय आणि काय येणा नाय."

माझ्या हातातला सदरा ओला होता, त्याचं पाणी पायावर पडत होतं. मी गादीचा विचार केला होता, समितीचा केला होता, माझा तर केलाच होता. ही दुसरी बाई, जिनं आमच्या मूर्तीचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं, ती माझ्या हिशेबात कुठेच नव्हती. माझ्या बोटाचं तेल वरळीपर्यंत गेलं होतं.

मी तिथेच सांगितलं. खांदा घासला नाही, हे सांगितलं. का, तेही सांगितलं.

आक्कानं खाली रस्त्याकडे पाहिलं. तिथे कमानीला कागदी फुलं चिकटवत होते.

"म्हंजे देव नाय म्हणूकच नाय," ती म्हणाली.

"नाही."

"तू म्हणालंस."

"हो."

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर मी घेतलं असतं. ती म्हणाली, "पुण्यतिथीक सभेत सांगतलंस. सगळ्यांसमोर. हात चुकलो म्हणशीत तर थय मी बसलंय हां."

"नाही म्हणणार."

"माझ्यासाठी नको सांगू. माका कळला, बस झाला. ती सगळी माणसां अजून दगडाक इचारतत, त्यांका सांग."

पुण्यतिथीला परळची जागा भरली होती. महाराष्ट्राचं राज्य आलं म्हणून पेढेही वाटले होते. वकीलसाहेबांनी भाषणात बुवांचा वारसा देवानेच कौलाने कसा ठरवला ती गोष्ट सांगितली. ती गोष्ट त्यांनी खरोखर श्रद्धेनं सांगितली. त्यांना माझ्या बोटाविषयी काही माहीत नव्हतं, आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. ते खाली बसताच मी उभा राहिलो. मला बोलता येत नसे. घरातही मी गरजेपुरता बोलायचो. पण त्या दिवशी पहिलं वाक्य सुटलं आणि बाकीची त्यामागून आली. राख, तेल, खांदा, शोकसभा, सगळं. हात चुकला असं म्हटलं नाही. मला मोठं व्हायचं होतं, असं म्हटलं.

मग वकीलसाहेब उठले. चेहरा पांढरा पडला होता, पण कोर्टात उभं राहिलेला माणूस तो. हात जोडून म्हणाले, "या सत्पुरुषानं आज मन मोकळं केलं. मी त्यांना एकच विचारतो. तुमच्या बोटाला तेल लावायची बुद्धी तुम्हाला कुणी दिली? त्याच्या इच्छेवाचून पान हलत नाही, तिथे तुमचं बोट हललं कसं? त्याला समिती हवी होती. त्यानं तुमच्या हातून करून घेतली. तुमच्या पापाचंसुद्धा त्यानं सोनं केलं!"

आणि टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. कुणीतरी "होय म्हाराजा" म्हणालं आणि सगळी सभा "होय म्हाराजा" म्हणाली. एक म्हातारी पुढे येऊन माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. मी कबुली द्यायला उभा राहिलो होतो आणि ते मला साधू करून बसवत होते. संस्था म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळलं. तिच्या पोटात खरंही जिरतं. खोटं जिरतं त्याहून लवकर जिरतं.

"वकीलसाहेब," बायकांच्या रांगेतून आवाज आला. यंत्रांवरून ओरडणारा तोच आवाज, चार वर्षांनी. "देवान जर ह्याच्या बोटाक सांगून करून घेतल्यान, तर पाकळये कित्याक लावतास? ह्याच्या बोटाकच हळदकुंकू लावा आणि बसवा गादयेर!"

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग मागचे बाकही हसले. वकीलसाहेब म्हणाले, "आक्का, आज पुण्यतिथी आहे, शांत राहा."

"चार वर्सां शांतच होतंय," आक्का म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "चल रे. अजून एक जाग्यार सांगूचा हा तुका."

आम्ही चालत वरळीला गेलो. बीडीडी चाळीचा जिना तिला पाठ होता. कुठली पायरी मोडकी आहे तेही. मैत्रीण दारातच तांदूळ निवडत बसली होती. आक्काला पाहून तिचे हात थांबले, पण ती उठली नाही.

"काय गं," ती म्हणाली. "वाट चुकलीस?"

आक्कानं मला पुढे ढकललं. "सांग."

मी सांगितलं. सभेत सांगणं सोपं होतं, तिथे माझ्या भाषेतली माणसं होती. कौल म्हणजे काय इथपासून तिला सांगावं लागलं, आणि सांगताना प्रत्येक शब्द मूर्खासारखा ऐकू येत होता. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग माझ्याकडे न बघता आक्काला म्हणाली, "म्हणजे फुलाची पाकळी पडली, म्हणून तू मला टाकलंस."

"होय," आक्का म्हणाली.

"मला वाटत होतं, आम्ही धम्म घेतला म्हणून."

"नाय गे."

"हे बरं आहे की ते बरं होतं, मला कळेना," ती म्हणाली. "धम्मासाठी टाकलं असतंस तर निदान भांडले तरी असते. पाकळीशी मी काय भांडणार? याला तेल लावता आलं, ते कळलं. पण तुला माझ्याकडे येऊन विचारता आलं नाही? दोन यंत्रांमध्ये हातभर अंतर होतं."

आक्का खाली बसली, मैत्रिणीच्या सुपातले तांदूळ आपल्यापुढे ओढले आणि खडे काढायला लागली. मैत्रिणीनं सूप परत ओढून घेतलं नाही. एवढंच झालं. गळ्यात गळे पडले नाहीत. आक्का पुन्हा गायला लागली ती बऱ्याच महिन्यांनी, आणि आवाज पूर्वीसारखा कधीच लागला नाही. मंडळानं तिला परत बोलावलं नाही. तिनं नाम मागणाऱ्याला नाम दिलं, कुणाला न विचारता.

मी दारात उभाच होतो. मैत्रिणीनं शेवटी मान वर केली.

"उद्या तुमच्या मंडळात पुन्हा पाकळ्या लावतील," ती म्हणाली.

"मी लावणार नाही," मी म्हणालो.

"तू नाही तर दुसरा लावील. तू काय करणार नाहीस ते मला नको सांगूस. काय करणार ते सांग."

मी जिना उतरून आलो.

मंडळानं माझ्याकडून पूजा काढून घेतली, दुसरा माणूस नेमला. कौल चालू राहिले, आजही आहेत. पण दर पुण्यतिथीला मी तिथे जातो. देवानं कौल दिल्याची ती गोष्ट त्यांची सांगून झाली की उठतो आणि मी काय केलं ते सांगतो. माइक देत नाहीत. नवीन मुलं "काका, बसा" म्हणतात, जुनी माणसं "म्हाताऱ्याचं सुरू झालं" म्हणतात, एका वर्षी हाताला धरून बाहेरही नेलं. पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो. मला बोलायची सवय नव्हती, ती लागली आहे. आता माइकवाचूनही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं.